बारावीचे गुण आणि वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेश (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात एमबीबीएस आणि बीडीएस या पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेशात उच्च माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षेतील (बारावीतील) गुणांचे स्थान गेल्या काही दशकांत मुळापासून बदलले आहे. पूर्वी बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांतील गुणांची बेरीज हीच गुणवत्ता यादीचा आधार असे. आता गुणवत्ता क्रम राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेतील (नीट) गुणांवर ठरतो आणि बारावीचे गुण पात्रतेची अट म्हणून पाहिले जातात. त्यामुळे बारावीत ९५ टक्के मिळवणारा आणि ६० टक्के मिळवणारा असे दोन्ही विद्यार्थी एकदा पात्र ठरले की प्रवेशाच्या रांगेत त्यांच्या बारावीच्या गुणांमुळे फरक पडत नाही. मात्र पात्रतेची अट पूर्ण न झाल्यास नीटमधील उत्तम गुणही निरुपयोगी ठरतात. शालेय शिक्षणाचे ठिकाण, विषयांची निवड आणि भाषेचे माध्यम यांचाही प्रवेशाच्या संधीवर परिणाम होतो.

इतिहास

गुणांवर आधारित प्रवेश

मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाल्यानंतर वैद्यकीय पदवीचे शिक्षण विद्यापीठाच्या कक्षेत आले. विसाव्या शतकात दीर्घकाळ विद्यार्थी इंटर सायन्सच्या टप्प्यावरून वैद्यकीय शाखेकडे वळत. १९७०च्या दशकात महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर हा टप्पा कनिष्ठ महाविद्यालयातील बारावीकडे सरकला. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावीची परीक्षा ही त्यामुळे शालान्त परीक्षा आणि व्यावसायिक प्रवेशाची परीक्षा अशी दुहेरी भूमिका बजावू लागली.

वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा मोजक्या आणि इच्छुक पुष्कळ असल्याने एक-दोन गुणांच्या फरकाने प्रवेश हुकत असे. १९८०च्या दशकात राज्यात विनाअनुदानित खासगी वैद्यकीय व दंत महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यांतून देणगी घेऊन प्रवेश देण्याचा प्रश्न उभा राहिला. कॅपिटेशन शुल्कास मनाई करणारा कायदा राज्याने १९८७ मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात (१९९३) खासगी महाविद्यालयांतील जागांची मोफत व सशुल्क अशी विभागणी करून दोन्हींसाठी गुणवत्तेची अट घातली.

राज्याची सामाईक परीक्षा

गुणांवर आधारित पद्धतीची मुख्य अडचण मूल्यमापनातील विषमता ही होती. राज्य मंडळाची विभागीय मंडळे, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ (सीबीएसई) आणि आयएससी परीक्षा घेणारी परिषद यांच्या प्रश्नपत्रिका व तपासणीच्या पद्धती वेगळ्या होत्या. प्रात्यक्षिकाचे गुण महाविद्यालयाच्या पातळीवर दिले जात असल्याने त्यांच्या सैलपणाविषयीही तक्रारी होत. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७च्या पदवी वैद्यकीय शिक्षण नियमावलीने यावर स्पष्ट भूमिका घेतली. ज्या राज्यात एकाहून अधिक मंडळे अथवा विद्यापीठे पात्रता परीक्षा घेतात, तेथे समान मूल्यमापनासाठी स्पर्धात्मक प्रवेश परीक्षा घ्यावी, असे तिच्यात नमूद होते.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्राने स्वतःची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) सुरू केली. वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय ती घेत असे. याच काळात, १९९८ मध्ये, नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली आणि राज्यातील वैद्यकीय व दंत महाविद्यालये टप्प्याटप्प्याने एका विद्यापीठाखाली आली. खासगी महाविद्यालयांची संघटना वेगळी परीक्षा घेत असे. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातील २००५च्या निकालाने विनाअनुदानित संस्थांना प्रवेशात बरीच मोकळीक दिली, परंतु प्रक्रिया पारदर्शक व गुणवत्तेवर आधारलेली असावी हे बंधन कायम ठेवले.

नीटचा स्वीकार

देशभरासाठी एकच परीक्षा असावी या भूमिकेतून पहिली नीट ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तिची अधिसूचना रद्द केली आणि महाराष्ट्र पुन्हा राज्याच्या सीईटीकडे वळला. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने हा निकाल मागे घेतला. त्याच वर्षी ५ मे रोजी राज्याची सीईटी ठरल्याप्रमाणे झाली होती आणि विद्यार्थ्यांसमोर दुसऱ्याच अभ्यासक्रमावरील परीक्षा अचानक येऊन ठेपली. केंद्र सरकारने मे २०१६ मध्ये अध्यादेश काढून त्या वर्षापुरती राज्यांच्या जागांना सूट दिली. २०१७ पासून राज्यातील शासकीय व खासगी या दोन्ही प्रकारच्या महाविद्यालयांत नीट हाच प्रवेशाचा आधार आहे. २०१९ पासून ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते. राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ या कायद्यात तिची तरतूद आहे.

बारावीच्या गुणांची सध्याची भूमिका

पात्रतेची अट

वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेशासाठी उमेदवार बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (अथवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण असावा लागतो. १९९७च्या नियमावलीने यास गुणांची किमान मर्यादाही जोडली. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गासाठी ४० टक्के गुण आवश्यक ठरले. पुढे खुल्या प्रवर्गातील दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ४५ टक्के झाली. दंत परिषदेच्या नियमांतही याच धर्तीची अट आहे. प्रत्येक वर्षी लागू असलेली अट त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

राज्य मंडळाच्या बारावीत या तिन्ही विषयांना प्रत्येकी १०० गुण असतात. त्यांपैकी ७० लेखी व ३० प्रात्यक्षिक परीक्षेचे असतात. म्हणजे तिन्ही विषयांचे मिळून ३०० गुण होतात. ५० टक्क्यांच्या अटीनुसार खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला १५० आणि राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला १२० गुण लागतात. ही बेरीज एकत्रित असते. भौतिकशास्त्रात ४२, रसायनशास्त्रात ५० व जीवशास्त्रात ७० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचे एकूण गुण १६२, म्हणजे ५४ टक्के होतात आणि तो पात्र ठरतो. गणित, मराठी वा अन्य विषयांतील गुण या बेरजेत धरले जात नाहीत. त्यामुळे गुणपत्रिकेवरील एकूण टक्केवारी ७० असूनही या तीन विषयांत ५० टक्के न भरणे शक्य असते. इंग्रजीचे गुण बेरजेत येत नसले तरी त्या विषयात उत्तीर्ण होणे अनिवार्य आहे.

बारावीत कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी मंडळाच्या दोन व्यवस्था आहेत. अनुत्तीर्ण विद्यार्थी फेब्रुवारी-मार्चमधील मुख्य परीक्षेनंतर होणारी पुरवणी परीक्षा देऊ शकतात. उत्तीर्ण झालेल्यांना श्रेणीसुधार योजनेखाली पुन्हा परीक्षेस बसता येते. गुणांवर प्रवेश होत असताना एक-दोन टक्के वाढवण्यासाठी पुन्हा बारावी देणारे विद्यार्थी असत. आता पुन्हा परीक्षा देण्याची धडपड मुख्यतः नीटसाठी होते आणि असे विद्यार्थी ‘रिपीटर’ म्हणून ओळखले जातात.

विषयांची निवड

अकरावीत प्रवेश घेताना केलेली विषयनिवड पुढे निर्णायक ठरते. विज्ञान शाखेतील अनेक विद्यार्थी अभियांत्रिकी व वैद्यकीय असे दोन्ही मार्ग खुले ठेवण्यासाठी गणित व जीवशास्त्र दोन्ही घेतात. राज्यात संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स यांसारखे २०० गुणांचे द्विलक्षी (बायफोकल) विषयही उपलब्ध आहेत. असा विषय घेताना दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो. सोडलेला विषय जीवशास्त्र असल्यास वैद्यकीय प्रवेशाचा नियमित मार्ग बंद होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने या बाबतीत सवलत दिली. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीट देता येईल, असे आयोगाने जाहीर केले.

टक्केवारी आणि पर्सेंटाइल

बारावीच्या अटीतील ‘५० टक्के’ आणि नीटमधील ‘५० पर्सेंटाइल’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. टक्केवारी ही एकूण गुणांपैकी मिळालेल्या गुणांचे प्रमाण दाखवते. पर्सेंटाइल हे परीक्षा दिलेल्यांपैकी किती उमेदवार मागे आहेत, हे दाखवते. नीटमध्ये खुल्या प्रवर्गासाठी ५०, राखीव प्रवर्गांसाठी ४० आणि खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी ४५ पर्सेंटाइल ही पात्रतेची रेषा आहे. ती दरवर्षी निकालानुसार बदलते. खुल्या प्रवर्गासाठी ती २०२३ मध्ये ७२० पैकी १३७ गुणांवर, तर २०२४च्या सुधारित निकालात १६२ गुणांवर आली. १३७ गुण म्हणजे सुमारे १९ टक्के होतात. ही रेषा ओलांडणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. उमेदवार प्रवेशप्रक्रियेत सहभागी होण्यास पात्र ठरतो, एवढाच तिचा अर्थ असतो. शासकीय महाविद्यालयांतील प्रवेश याहून कितीतरी अधिक गुणांवर थांबतात. पुरेसे पात्र उमेदवार न मिळाल्यास केंद्र सरकार पर्सेंटाइलची रेषा खाली आणू शकते.

नीटचे स्वरूप आणि बारावीशी तुलना

नीट अकरावी व बारावी या दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमावर आधारित असते. २०२५च्या परीक्षेत १८० प्रश्न व १८० मिनिटे होती. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे (वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र मिळून) ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास १ गुण कापला जातो आणि न सोडवलेल्या प्रश्नास शून्य गुण मिळतात. १३० उत्तरे बरोबर देऊन उरलेले प्रश्न सोडून देणाऱ्यास ५२० गुण मिळतात, तर तितकीच उत्तरे बरोबर देऊन आणखी ३० चुकवणाऱ्याचे ४९० गुण होतात. समान गुण असलेल्यांमध्ये प्रथम जीवशास्त्र, मग रसायनशास्त्र आणि त्यानंतर भौतिकशास्त्र यांतील गुण पाहिले जातात.

बारावीच्या लेखी परीक्षेत व्याख्या, आकृत्या, सिद्धता, उदाहरणे आणि दीर्घोत्तरी प्रश्न असतात. विद्यार्थ्याला विषय स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो. नीटमध्ये एका प्रश्नास सरासरी एक मिनिट मिळते आणि चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. अकरावीचा अभ्यासक्रम नीटमध्ये पूर्णपणे असतो, तर बारावीच्या गुणपत्रिकेत त्याचे गुण नसतात. अकरावीकडे ‘विश्रांतीचे वर्ष’ म्हणून पाहण्याची जुनी सवय त्यामुळे नीटमध्ये महागात पडते.

२०२१ मध्ये या दोन परीक्षांतील अंतर ठळकपणे दिसले. कोविड-१९ साथीमुळे राज्य मंडळाने बारावीची लेखी परीक्षा रद्द केली. निकाल दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के या सूत्राने लावण्यात आला. उत्तीर्णतेचे प्रमाण ९९.६३ टक्के झाले. गुणांवर प्रवेश देण्याची जुनी पद्धत असती, तर त्या वर्षीची गुणवत्ता यादी लावणे अवघड झाले असते. प्रत्यक्षात नीट १२ सप्टेंबर २०२१ रोजी झाली आणि वैद्यकीय प्रवेश तिच्या आधारे पार पडले.

तयारी

अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके

नीटचा अभ्यासक्रम राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) पुस्तकांशी जवळचा मानला जातो, विशेषतः जीवशास्त्रात. त्यामुळे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना बालभारतीची पुस्तके मंडळाच्या परीक्षेसाठी आणि एनसीईआरटीची पुस्तके नीटसाठी असा दुहेरी अभ्यास करावा लागतो. हे अंतर कमी करण्याच्या दृष्टीने राज्याने अभ्यासक्रम राष्ट्रीय चौकटीच्या जवळ आणला. अकरावीची नवी पाठ्यपुस्तके २०१९-२० मध्ये व बारावीची २०२०-२१ मध्ये आली.

भाषेचे माध्यम

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला अकरावी विज्ञान शाखेत सर्व परिभाषा इंग्रजीतून आत्मसात करावी लागते. ‘प्रकाशसंश्लेषण’ व ‘पेशीभित्तिका’ हे शब्द पक्के झालेले असताना त्यांचे इंग्रजी पर्याय, लॅटिन नावे आणि इंग्रजी वाक्यरचना एकाच वर्षात शिकण्याचा भार पडतो. गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी इंग्रजी वर्गांच्या प्रसाराचे हेही एक कारण आहे. २०१७ पासून नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध आहे. मराठी पर्याय निवडणाऱ्यास प्रश्न मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दिले जातात. मात्र कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञानाचे अध्यापन आणि तयारीची बहुतेक पुस्तके इंग्रजीत असल्याने या सोयीचा लाभ मर्यादित राहतो.

लातूर पॅटर्न आणि शिकवणी वर्ग

बारावीच्या गुणांवर प्रवेश होत असतानाच मराठवाड्यातील लातूर हे तयारीचे केंद्र म्हणून पुढे आले. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद शिक्षण संस्थेची महाविद्यालये यांच्याशी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव जोडले जाते. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांना या पद्धतीच्या जडणघडणीचे श्रेय दिले जाते. अभ्यासक्रम लवकर पूर्ण करणे, नियमित सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची चर्चा आणि उजळणीची आवर्तने ही तिची वैशिष्ट्ये होत. सुरुवातीस हा पॅटर्न बारावीच्या निकालासाठी गाजला. सीईटी व पुढे नीट आल्यावर त्याच शिस्तीचा रोख बहुपर्यायी प्रश्नांकडे वळला. लातूर व नांदेड येथे आसपासच्या जिल्ह्यांतून विद्यार्थी येऊन राहतात. वसतिगृहे, खाणावळी, अभ्यासिका आणि शिकवणी वर्ग यांवर या शहरांच्या अर्थकारणाचा मोठा भाग उभा आहे.

नीटच्या काळात कनिष्ठ महाविद्यालय आणि शिकवणी वर्ग यांची सांगड घालणारी ‘इंटिग्रेटेड’ पद्धत पसरली. तीत विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयात असते, पण शिक्षण प्रामुख्याने वर्गात होते. प्रयोगशाळेतील काम आणि वर्गातील उपस्थिती नावापुरती उरते, अशी टीका झाल्यावर राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला.

प्रवेशप्रक्रिया आणि शालेय शिक्षणाचे ठिकाण

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. प्रदीप जैन खटल्यातील निकाल (१९८४) आणि त्यानंतरचे दिनेश कुमार खटल्यातील आदेश यांत या कोट्याचे मूळ आहे. त्याचे समुपदेशन केंद्रीय वैद्यकीय समुपदेशन समिती करते. उर्वरित ८५ टक्के जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून भरल्या जातात.

राज्याच्या जागांसाठी दहावी व बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असणे आणि अधिवास (डोमिसाइल) प्रमाणपत्र असणे ही सर्वसाधारण अट आहे. शासकीय व संरक्षण सेवेतील बदलीमुळे बाहेर शिकलेल्या पाल्यांसाठी अपवाद आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातील ८६५ गावांमधील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठीही वेगळ्या जागा ठेवल्या जातात. राखीव प्रवर्गातील उमेदवारांना जातवैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र सादर करावे लागते. जातवैधतेस पडताळणी समितीकडे वेळ लागत असल्याने त्यासाठीचा अर्ज बारावीच्या वर्षातच करणे इष्ट मानले जाते. कागदपत्र वेळेत न मिळाल्यास उमेदवाराचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो.

२०२० पर्यंत राज्यात ७०:३० हे प्रादेशिक सूत्र लागू होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग मानून प्रत्येक विभागातील ७० टक्के जागा तेथे शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के जागा संपूर्ण राज्यासाठी असत. मराठवाड्यात महाविद्यालयांची संख्या कमी आणि स्पर्धा तीव्र असल्याने तेथील विद्यार्थ्यांना अन्य विभागांच्या तुलनेत अधिक गुण असूनही प्रवेश मिळत नाही, असा आक्षेप होता. राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द केल्याचे विधिमंडळात जाहीर केले.

मतमतांतरे

एकाच परीक्षेच्या समर्थकांच्या मते तिच्यामुळे मंडळांमधील विषमता दूर झाली, अनेक परीक्षांचे शुल्क व प्रवास वाचला आणि खासगी महाविद्यालयांतील मनमानी प्रवेशांना आळा बसला. विरोधकांच्या मते बारावीच्या गुणांचे महत्त्व गेल्याने शाळा व कनिष्ठ महाविद्यालयातील अध्यापन दुय्यम झाले. महागडे वर्ग आणि तयारीसाठी एखादे वर्ष देणे परवडणाऱ्यांना लाभ झाला आणि ग्रामीण, मराठी माध्यमातील विद्यार्थी मागे पडले, असेही ते मांडतात.

तमिळनाडूने यावर वेगळी वाट धरली होती. तेथे राज्याची प्रवेश परीक्षा रद्द करून २००७ पासून बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश दिले जात होते. नीट अनिवार्य झाल्यावर तेथे तीव्र विरोध झाला आणि २०२० मध्ये शासकीय शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के आरक्षण देण्यात आले. महाराष्ट्राने बारावीच्या गुणांवरील प्रवेशाची पद्धत नीटच्या बऱ्याच आधी सोडली होती. त्यामुळे येथील वादाचा भर परीक्षा असावी की नसावी यापेक्षा ती कोणत्या अभ्यासक्रमावर व कोणत्या भाषेत असावी, यावर राहिला.

परीक्षेच्या विश्वासार्हतेचा प्रश्न २०२४ मध्ये ऐरणीवर आला. ५ मे २०२४ रोजी झालेल्या नीटमध्ये प्रश्नपत्रिका फुटल्याचे आरोप झाले. १,५६३ उमेदवारांना दिलेले वाढीव गुण मागे घेण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी संपूर्ण फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. बारावीचे गुण क्रमनिश्चितीतून वगळलेले असल्याने एका दिवसाच्या परीक्षेत गैरप्रकार झाल्यास विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासाचे दुसरे कोणतेही मोजमाप प्रवेशप्रक्रियेपुढे उरत नाही, ही या पद्धतीची मर्यादा त्या निमित्ताने चर्चेत आली.

हेही पाहा

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
राष्ट्रीय वैद्यक आयोग
लातूर